तणसातला कॉम्प्युटर

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी, उन्हाळ्यात कूलरला हात लावण्याआधी पायात चप्पल आहे ना हे तपासणारी. नागपुरात दर उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून कोणी ना कोणी जातं, तेव्हा या एका भीतीबद्दल तरी मला कोणी नावं ठेवू नयेत. घरात मात्र थट्टाच होते. नवरा आल्यागेल्याला सांगतो, "आमच्या हिले सावलीचाही शॉक लागते."

अशा बाईनं जुने कॉम्प्युटर विकायचा उद्योग करावा, हा विनोदच आहे. नंदनवनात मी बरीच वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवला. पुढे पोरापोरांच्या हातात फोन आले, क्लास बंद पडला आणि मशिनी माळ्यावर गेल्या. एकदा माळा रिकामा करताना सहज इंटरनेटवर पाहिलं, तर जो कीबोर्ड मी भंगारात टाकायला काढला होता, तसल्याच कीबोर्डसाठी जगभरातली माणसं लिलावात एकमेकांवर बोली चढवत होती. मी तो कीबोर्ड पुसून परत आत आणला. तेव्हापासून हे सुरू आहे. भंगारवाल्यांकडून आणते, साफ करते, चालू होतंय का बघते, लिलावात टाकते. कधी दुसऱ्यांच्या लिलावातून स्वतःही घेते.

या कामात भ्यायला भरपूर वाव आहे. जुना मॉनिटर बंद असला तरी त्याच्या पोटात वीज दबा धरून बसलेली असते. म्हणून तो उघडताना एक हात कमरेमागे ठेवायचा, म्हणजे करंट छातीतून आरपार जात नाही. नवरा दारात उभा राहून बघतो आणि म्हणतो, "सलामी देऊन राहिली काय वं त्याले?" बघतो खरा, पण मी झाकण परत बसवेपर्यंत दारातून हलत नाही.

या सगळ्या मशिनींत एक मशीन विकायची नव्हती. ती माझ्या बाबांनी घेतलेली. टीव्हीला जोडायचा होम कॉम्प्युटर, कीबोर्डच्याच पोटात सगळं, आणि प्रोग्राम कॅसेटवरून चढवायचा. बाबा कारखान्यात पाळीची नोकरी करायचे. छप्पन साली आजोबांच्या खांद्यावर बसून ते दीक्षेला गेले होते आणि तिथून दोन गोष्टी घेऊन आले, असं आजी सांगायची: एक ताप आणि एक हट्ट. ताप उतरला. पोरं शिकलीच पाहिजेत हा हट्ट जन्मभर राहिला. एका बदली झालेल्या साहेबाचं सामान निघालं तेव्हा बाबांनी ही मशीन मागून घेतली आणि सायकलच्या कॅरियरला दुलई बांधून घरी आणली. वस्तीतले लोक हसले. पत्र्याच्या घरात कॉम्प्युटर! नागपुरात आम्ही पत्र्याला टिन म्हणतो. टिनाच्या त्या एका खोलीत मी कॉम्प्युटर शिकले आणि पुढे त्यावरच माझं पोट चाललं.

मग विकली का? भीतीनंच विकली. मी भंगाराच्या गोदामात जाते, तिथे मशिनींचं काय होतं ते मी पाहिलं आहे. एक माणूस बसलेला असतो, हातोडीनं फोडतो, तांबं एका ढिगात, प्लास्टिक एका ढिगात. माझी मुलगी पुण्यात असते. तिला विचारलं तर ती मायेनंच म्हणाली, "आई, छान फोटो काढून ठेव ना." त्या दिवशी मला पक्कं कळलं की माझ्यामागे बाबांची मशीन किलोच्या भावानं जाणार. डोळे मिटले की मला ती हातोडी दिसायची. ती चालू आहे, आपण आहोत, तोवरच तिला कोणाच्या तरी हवाली करावं, जो तिला चालवेल, असं मी ठरवलं.

लिलावात टाकताना मी सगळे दोष खरे खरे लिहिले. एक बटण पिवळं पडलंय, तळाच्या स्क्रूंना गंज आहे, तळाला पांढरे ओघळ आहेत. गंज कशाचा, ते मला माहीत नव्हतं. जुनी वस्तू आहे, गंजणारच.

बोली लागल्या आणि नवी भीती सुरू झाली. विकणाऱ्याला बोली लावणाऱ्यांची खाती दिसतात. सगळ्यात वर जो होता, त्याचं दुकान मी उघडून पाहिलं. तो मशिनी विकत नव्हता, मशिनींचे अवयव विकत होता. या जातीच्या मशिनीतली आवाजाची चिप दुर्मीळ झाली आहे. ती उपटून वेगळी विकली की अख्ख्या मशिनीपेक्षा जास्त येतात. त्याच्या पानावर काळ्या फोमवर टोचलेल्या चिपा ओळीनं मांडलेल्या होत्या. हातोडीपासून वाचवायला गेले आणि चिमटा पुढ्यात आला. त्याची बोली रद्द करता आली असती, पण तसं केलं तर माझंच खातं बंद करतील, ही आणखी एक भीती.

लिलाव सकाळी संपणार होता. कुकर चढवला होता आणि मी फोन ओट्यावर उभा करून ठेवला होता. शेवटच्या मिनिटापर्यंत तोच वर. या लिलावात मुरलेली माणसं शेवटच्या क्षणाची वाट बघतात, हे मला माहीत होतं, तरी मी मनात त्रिशरण म्हणायला लागले. ऐन शेवटी एक दुसरीच बोली आली आणि त्याच्या वर जाऊन बसली. लिलाव संपला. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या याचा पत्ताच नव्हता. वरणाचा लगदा झाला आणि नवऱ्यानं तो निमूट खाल्ला.

घेणारे ऑस्ट्रेलियातले निवृत्त शिक्षक होते. त्यांनी लिहिलं की त्यांच्या गावात ते शाळेतल्या मुलांना अशाच जुन्या मशिनींवर शिकवतात, एकही मशीन कपाटात ठेवत नाहीत. तिथली वीज आपल्यासारखीच, टीव्हीही आपल्याच पद्धतीचा. मला वाटलं, आता भ्यायचं काही उरलं नाही.

उरलं होतं ते पॅकिंग. आधी एकदा मी थर्माकोलमध्ये पाठवलेला कीबोर्ड वाटेत तडकला होता. जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. माझे दीर कळमन्याच्या बाजारात संत्र्यांच्या पॅकिंगचं काम करतात. सासर आमचं कुहीकडचं, धानाचं गाव. धान झोडून उरतं ते तणस, म्हणजे भाताचा पेंढा. त्यात दाबून भरलेली संत्री ट्रकमधून कुठल्या कुठे जातात. भाऊजी मशीन बघून म्हणाले, "वहिनी, काहून टेन्शन घेऊन राहिल्या? आमचं संत्रं कलकत्त्याले जाते, डाग नाही लागत त्याले. हे तर टणक आहे."

त्यांनी गावाहून नव्या धानाचं तणस आणलं, पिवळंजर्द, कोरडं. मशीन प्लास्टिकमध्ये, मग माझ्या जुन्या सुती साडीत, मग खोक्यात तणस दाबून त्यावर ती ठेवली, बाजूंनी भरलं, वरून भरलं. त्यांचा हात असा चालत होता की मी पहिल्यांदाच निर्धास्त बसून बघत होते. शेवटी त्यांनी धानाची एक लोंबी, दाण्यांनी भरलेली, वर खोचली. आमच्या घरात शकुन-अपशकुन चालत नाहीत. बाबांनी ते सगळं केव्हाच नदीत सोडलं होतं. मी तसं म्हणाले. भाऊजी हसले. "शकुन नाही हो वहिनी. हंगामातल्या पहिल्या पेटीत आम्ही आपल्या गावची लोंबी टाकतो. उघडणाऱ्याले समजलं पाहिजे, माल कोणाच्या हातचा आहे."

कुरिअरवाल्याकडे अर्ज भरताना एक प्रश्न होता: यात झाडं, बिया, वनस्पती आहेत का? मी 'नाही' वर खूण केली. खोटं बोलतेय असं माझ्या मनातही आलं नाही. आत कॉम्प्युटर होता. तणस म्हणजे काय झाड आहे? तिथल्या पोरानंही खोकं वरून उघडून बघितलं आणि म्हणाला, "काकू, एक नंबर पॅक केलं."

पार्सल समुद्रापार पोचलं आणि थांबलं. रोज बघावं तर एकच ओळ, तपासणीसाठी रोखले आहे. मग एका दुपारी तिथल्या तपासणी खात्याचा मेल आला, सोबत फोटो. स्टीलचं टेबल. त्यावर उघडलेलं खोकं, बाजूला तणसाचा ढीग, मधोमध माझी साडी सोडून ठेवलेली आणि तिच्यावर बाबांची मशीन उघडी. निळा हातमोजा घातलेला एक हात. दुसऱ्या फोटोत फक्त लोंबी, पट्टीशेजारी ठेवलेली, जणू मोजमाप घेऊन तिचा पंचनामा चाललाय. खाली लिहिलं होतं, बाहेरून आलेल्या पेंढ्यातून पिकांचा रोग, कीड त्यांच्या देशात शिरू शकते. आणि हे तर उगवू शकणारं बी. अर्जात 'वनस्पती नाही' असं लिहून दिलेलं. खाली माझं नाव.

एवढं मी उभ्यानंच वाचलं. तणस नष्ट करणार, हे ठरलेलंच होतं. मशिनीसाठी तीन मार्ग दिले होते. परत पाठवणे. प्रक्रिया करणे, म्हणजे भट्टीसारख्या खोलीत काही तास ताप देणे. किंवा नष्ट करणे. मुदतीत उत्तर आलं नाही तर तिसरा मार्ग आपोआप. 'नष्ट' हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. ज्या हातोडीला भिऊन मी मशीन घराबाहेर काढली, तिच्याच खाली मी तिला स्वतःच्या हातानं नेऊन ठेवली होती.

आधी मी भडकले. भीती वाटली की मी भडकते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. नवऱ्यावर, भाऊजींवर, कुहीच्या अख्ख्या धानावर. भाऊजींना तर फोन लावून बोलले. ते हळूच म्हणाले, "मले का माहीत वहिनी, तणसाले तिकडे एवढं भेतात." त्यांचा आवाज असा पडला होता की मलाच वाईट वाटलं. नवरा म्हणाला, "आता त्याच्यावर चिडून का फायदा? मशीन वाचवाची का नाही, ते सांग." मग मला पोलिसांची भीती वाटली. परदेशाचे पोलीस नंदनवनात कसे येतील हे मला समजत होतं, तरी दाराची बेल वाजली की मी आधी खिडकीतून बघायची. त्या आठवड्यात दूधवाल्यालासुद्धा मी दोनदा 'कोण?' विचारलं.

शिक्षकांचा मेल आला. रागावले नव्हते, पण घाबरले होते, माझ्याइतकेच. परत पाठवायचं तर ते लोक कशातही गुंडाळून टाकतील, पेंढा तर जळालेला असेल. एवढा प्रवास ही मशीन पुन्हा सोसणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. राहिला ताप. त्यांनी लिहिलं: "एवढ्या जुन्या प्लास्टिकला आणि आतल्या भागांना इतकी उष्णता चालेल का, मला सांगता येत नाही. तुम्ही तिच्यासोबत राहिलात. तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं! आयुष्यात मला कोणी एवढं मोठं काम सांगितलं नव्हतं, आणि ते टाळता येण्यासारखंही नव्हतं. ताप किती अंशांचा विचारलं, तर साठच्या जवळपास. मी डोळे मिटून आमची जुनी खोली आठवली. नागपूरचा मे महिना, बाहेर शेहेचाळीस-सत्तेचाळीस. टिनाखाली किती, ते मोजायला कोण बसलं होतं? दुपारी भिंतीला पाठ टेकवता यायची नाही. पितळेचा गडू धरायला फडकं लागायचं. आणि त्याच खोलीत ही मशीन होती, एक नाही, कितीतरी उन्हाळे. संध्याकाळी मी टीव्ही लावायची आणि ती चालू व्हायची, कधीच कुरकुरली नाही. मी लिहून टाकलं: "द्या ताप. ही टिनाखाली वाढलेली मशीन आहे. नागपूरचे उन्हाळे तिनं काढले आहेत. तिला काही होणार नाही."

पाठवलं आणि लगेच पुन्हा वाचून पाहिलं. इतक्या ठामपणे मी कधी काही लिहिलं नव्हतं. मी चुकले तर? आतलं प्लास्टिक मेणासारखं खाली बसलं तर? मग ते 'नष्ट' माझ्याच हातचं. पुढचे दिवस मी काय केलं ते मला धड सांगता येणार नाही. भाजीला मीठ दोनदा पडलं. भट्टीत ठेवलेली मशीन मला जागेपणी दिसायची, बटणं वितळून एकमेकांना चिकटलेली. नवरा थट्टा करेनासा झाला, यावरून मी किती घाबरले असेन ते कळावं.

मग एका सकाळी व्हिडिओ आला. तो उघडायची माझी हिंमत होईना. फोन मी नवऱ्याच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "ये ना वं. काही खात नाही ते तुले."

टीव्हीचा निळा पडदा, वरच्या कोपऱ्यात लुकलुकणारा ठिपका. एका लहान मुलीचा हात आला आणि तिनं हळूहळू, एक एक बटण शोधत, स्वतःचं नाव टाइप केलं. पिवळं पडलेलं बटणही दाबलं गेलं. मी परत स्वयंपाकघरात आले, पदरात तोंड घालून रडले, मग भाऊजींना फोन लावला. ते म्हणाले, "पाहा, डाग नाही लागला ना?" आणि आम्ही दोघंही खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी माझ्या तोंडून हसू निघत होतं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण शिक्षक काटेकोर. पुढच्या मेलमध्ये त्यांनी मशिनीच्या तळाचा फोटो पाठवला आणि विचारलं. तक्रार नाही, कुतूहल आहे, असंही लिहिलं. मुलांना ते प्रत्येक मशिनीची गोष्ट सांगतात. "तळाचा गंज आणि हे पांढरे ओघळ पाण्याचे आहेत. नुसत्या दमटपणाचे नाहीत. वर्षानुवर्षं कोणीतरी तिच्या खाली-भोवती ओलं ठेवत होतं. आत मात्र कोरडी आहे, आणि इतक्या उष्णतेत राहिलेल्या मशिनीच्या खुणा आत कुठेच दिसत नाहीत. तुम्ही तर म्हणाला होता, ती तापत्या छपराखाली वाढली?"

मी तो फोटो मोठा करून पाहिला. ते ओघळ मी जन्मभर पाहिले होते. लिलावात दोष म्हणून स्वतः लिहिले होते. आता पहिल्यांदाच मी ते खरोखर बघत होते.

आमच्या खोलीच्या कोपऱ्यात रांजण होता आणि रांजणाला लागून एक लाकडी खोकं. उन्हाळ्यात त्या दोन्हींवर ओलं पोतं टाकलेलं असायचं. दुपारी त्या पोत्यावर पाणी मारायचं काम माझं. ते रांजणासाठी आहे, पाणी गार राहावं म्हणून, असं मी धरून चाललेले. कोणी वेगळं सांगितलंही नाही. मशीन त्या खोक्यात, पाटावर ठेवलेली असायची. संध्याकाळी ऊन उतरलं की बाबाच ती काढून, पुसून, टीव्हीपुढे ठेवायचे. म्हणून मला ती कायम टीव्हीपुढेच आठवत होती. तिनं एकही दुपार टिनाच्या उकाड्यात काढली नव्हती.

म्हणजे मी ज्या भरवशावर तिला भट्टीत पाठवलं, तो भरवसा मुळातच खोटा होता. ती वाचली ती नशिबानं. मेल पुढ्यात ठेवून मी बसले होते आणि आता घाबरत होते, सगळं निभावून गेल्यावर. इतकी मी त्या 'नष्ट' शब्दालाही घाबरले नव्हते.

शिक्षकांना मी खरं ते लिहिलं. एक गोष्ट मात्र लिहिली नाही, कारण ती मुलांना सांगायची गोष्ट नाही. घरात पोतं एकच होतं. रातपाळी करून आलेले बाबा दुपारी त्याच खोलीत, त्याच टिनाखाली, जमिनीवर झोपायचे, अंगावर कोरडा पंचा. घामानं निथळत असायचे. मध्येच जाग आली की डोळे न उघडताच विचारायचे, "बाई, पोत्याले पाणी मारलं काय वं?"

मी म्हणायची, "हो बाबा." आणि ते परत झोपायचे.